बाइकची टाकी आणि काळं प्लास्टिक: वर्षातून दोनदाच हात लावून टिकवायचं तर काय लावावं? (उघडी पार्किंग, मुंबई)

चारकोप_१६०:
नमस्कार मंडळी. १६० सीसीची बाइक आहे, तीन वर्षं जुनी. टाकी चकचकीत लाल, बाकी बरंचसं काळं, खरखरीत प्लास्टिक. गाडी सोसायटीत उघड्यावर उभी असते, वर पर्जन्यवृक्षाची फांदी आहे आणि सकाळी दहापर्यंत थेट ऊन. मागचं मडगार्ड, टाकीखालचे पॅनेल आणि आरशांची पाठ राखाडी पडली आहे. टाकीवर उन्हात पाहिलं की गोलगोल बारीक रेघा दिसतात. गाड्या पुसणारा माणूस रोज सकाळी फडकं मारतो.

डिटेलिंगचा छंद नाही आणि दर रविवारी वेळही मिळणार नाही. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा, तास-दीड तास देऊ शकतो. सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे, पाणी बादलीनंच. प्रश्न असे:
– वॅक्स, सीलंट की सिरॅमिक?
– काळ्या प्लास्टिकला काय? घरात गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश पडून आहे, ते चालेल का?
– कव्हर घालावं की नाही?
पावसाच्या आधी काम उरकायचं आहे.

रंगकाम_परळ:
तुमच्या प्रश्नांच्या आधी ते रोजचं फडकं. टाकीवरच्या गोल रेघा त्यानंच आल्या आहेत. मेट्रोची आणि इमारतींची कामं चालू असलेल्या भागात रात्रभरात गाडीवर बसते ती नुसती माती नसते, तिच्यात सिमेंट आणि रेतीचा चुरा असतो. कोरड्या कापडानं तो रगडला की वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर, ओरखडे पडणारच. त्यात तेच फडकं पंधरा गाड्यांवर फिरतं आणि एकाच बादलीत पिळलं जातं. यावर कितीही महाग कोटिंग लावा, उपयोग नाही.

त्या माणसाला सरळ सांगा: टाकीला हात लावू नका, फक्त सीट, आरसे आणि नंबरप्लेट पुसा. पुसायचीच असेल तर आधी तांब्याभर पाणी ओतून धूळ वाहू द्यायची आणि मग तुम्ही दिलेलं मायक्रोफायबर वापरायचं. दोन कापडं त्याच्याकडे देऊन ठेवा, दर आठवड्याला धुवायला परत घ्या. धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्यानं तंतूंवर थर बसतो आणि कापड पाणी शोषत नाही. टाकीवर धूळ बसलेली दिसली तरी बसू द्या. नुसती बसलेली धूळ रंगाचं काही बिघडवत नाही, ती कोरडी रगडली की बिघडवते.

आता लावायचं काय. तुमच्या अटींत बसतं ते म्हणजे फवारायचं सीलंट (रंगावर पाणी ढकलणारा पातळ थर धरणारं द्रव्य), ज्याच्या बाटलीवर सिरॅमिक स्प्रे किंवा एसआयओटू (सिलिकॉन डायऑक्साइड) स्प्रे असं लिहिलेलं असतं. कार्नोबा वॅक्स दिसायला सुंदर, पण मुंबईच्या ऊन-पावसात सहा-आठ आठवड्यांपलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा नको. चांगला स्प्रे तीन ते पाच महिने पाणी ढकलतो. खऱ्या सिरॅमिक कोटिंगला रंगाची पूर्ण तयारी, बंद जागा आणि नंतर एक-दोन दिवस पाण्यापासून लांब ठेवणं लागतं. वर मुंबईच्या दमट हवेत ते पटकन आवळतं, पुसायला थोडा उशीर झाला तर गडद ठिपके कायमचे राहतात आणि पॉलिश करूनच काढावे लागतात. उघड्या पार्किंगमध्ये घरच्या घरी करायचं ते काम नव्हे. जाहिरातीत दिसणारं ‘९एच’ हे पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचं माप आहे. त्याचा अर्थ किल्लीचा ओरखडा पडणार नाही असा कोणी घेऊ नये.

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘टेफ्लॉन कोटिंग’ म्हणून वेगळे पैसे लावतात, तेही टाळा. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि पृष्ठभागावर पक्कं बसवायला त्याहून जास्त तापमानाला भाजावं लागतं. रंगवलेल्या टाकीवर हे शक्य नाही. हातानं चोळून मिळते ती पॉलिशची चमक, आणि ती चार-सहा धुण्यांत जाते.

पाइप नसल्यामुळे धुण्याची पद्धत जरा बदलावी लागेल. झाडांवर फवारणीसाठी हातानं हवा भरायचा दोन लिटरचा पंप मिळतो, तो घ्या.

१. गाडी सावलीत, इंजिन आणि टाकी हाताला पूर्ण थंड. सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.
२. पंपात पाणी आणि दोन-तीन चमचे गाडीचा शाम्पू. वरून खाली सगळीकडे फवारा आणि चार-पाच मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. मऊ झालेली धूळ तांब्यानं पाणी ओतून वाहू द्या. अजून हात लावायचा नाही.
३. दोन बादल्या, प्रत्येकी दहा लिटरच्या. एकीत शाम्पूचं पाणी (प्रमाण बाटलीवर असतं तेच), दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा, मग पुन्हा शाम्पूत. क्रम: टाकी, पुढचं कवच, बाजूचे पॅनेल, शेवटी मडगार्ड. चाकं आणि चेनच्या आसपासचा भाग वेगळ्या जुन्या कापडानं. चेनचं ग्रीस एकदा हातमोज्याला लागलं की तो टाकीवर परत न्यायचा नाही.
४. पाणी ओतून साबण काढा. अंग ओलं असतानाच पुढचं काम.
५. टाकीच्या प्रत्येक बाजूला सीलंटचे दोन फवारे, पुढच्या कवचाला एक-दोन, बाजूच्या पॅनेलना एकेक. ओल्या अंगावर चालणारं सीलंट निवडलं असेल तर (बाटलीवर तसं लिहिलेलं असतं) कापडानं पसरवून लगेच दुसऱ्या कोरड्या कापडानं पुसा. गाडी सुकवणं आणि सीलंट लावणं एकाच फेरीत होतं, दमट हवेत ही मोठी सोय आहे. एका बाइकला १५ ते २० मिली पुष्कळ झालं. जास्त मारलं की तेलकट पट्टे उरतात. ते दिसले तर ओलसर कापड फिरवून पुन्हा कोरडं पुसायचं, आणखी सीलंट मारायचं नाही.

भांड्यांचं लिक्विड एरवी वापरू नका, ते आधीचं सीलंट काढून टाकतं. पहिल्या वेळी मात्र जुनं पॉलिश उतरवायला एकदा वापरलं तर हरकत नाही. कपड्यांची पावडर कधीच नको, ती जास्त क्षारयुक्त असते आणि उघड्या ॲल्युमिनियमला काळपट करते. आणि सर्व्हिस स्टेशनवर डिझेल मारून धुतात ते ठामपणे नको म्हणा. तात्पुरती चकाकी येते, पण रबर फुगतं आणि त्या थरावर धूळ चिकटून बसते.

आता असलेल्या रेघांसाठी रबिंग कंपाउंड (रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट) आणू नका. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो. टाकीवरचा क्लिअर कोट बहुतेकदा त्याच्या निम्म्याइतकाही नसतो, आणि टाकीच्या कडांवर तो सर्वांत पातळ असतो. पहिल्या वेळेपुरतं सौम्य क्लीनर-वॅक्स स्पंजनं, कडा सोडून, हातानं एकदा फिरवा. बारीक रेघा झाकल्या जातात, खोल आहेत त्या राहतात. राहू द्या.

वेळापत्रक: मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून, परत फिरण्याची ८ ऑक्टोबर. एक हात मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरा ऑक्टोबरात पाऊस संपल्यावर. तिसरा जमला तर ऑगस्टमधल्या उघडीपीत फक्त धुऊन एक फवारा.

पॉलिमर_भांडुप:
रंगाबद्दल वर नीट सांगितलं आहे. मी प्लास्टिकवर लिहितो, कारण सर्वांत जास्त चुकीचे सल्ले तिथेच मिळतात.

आधी कोणतं प्लास्टिक आहे ते पाहा. भाग काढता आला तर आतल्या बाजूला कोरलेलं असतं: >पीपी< किंवा >एबीएस<. मागचं मडगार्ड, टायरजवळचे भाग, चेनचं कव्हर बहुधा पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. रंगवलेले पॅनेल आणि आरशांची घरं बहुधा एबीएस (ब्रेकचं एबीएस नव्हे, हे एक कडक प्लास्टिक). हेडलाइटची पारदर्शक काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. तिघांचं दुखणं वेगळं आहे.

पीपी राखाडी का पडतं? उन्हातल्या अतिनील किरणांनी पृष्ठभागावरच्या लांब साखळ्या तुटतात आणि वर बारीक भेगांचा खडूसारखा थर तयार होतो. त्यावर प्रकाश विखुरतो म्हणून काळं असूनही पांढरट दिसतं. आतला काळा रंग बहुतेक जागेवरच असतो. तपासायची पद्धत सोपी: पाण्याचा हात फिरवा. ओलं असताना गडद काळं झालं आणि सुकल्यावर राखाडी, तर भाग वाचवता येतो. ओलं असतानाही पांढरट, तडकलेलं दिसलं किंवा नखानं पावडर निघाली तर तो भाग बदला. मागच्या मडगार्डसारखा रंग न दिलेला भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांत विचारा. पुष्कळदा नवा भाग चांगल्या कोटिंगच्या बाटलीपेक्षा फार महाग पडत नाही.

डॅशबोर्डचं पॉलिश लावू नका. त्यात सिलिकॉनचं तेल असतं, ते प्लास्टिकला धरून राहत नाही. पहिल्या जोरदार सरीत ओघळतं, तोवर धूळ ओढून घेतं. मुख्य धोका ब्रेकचा. मागच्या मडगार्डवरून ते ओघळून डिस्कवर गेलं की ब्रेक पॅड सिलिकॉन पितात, आणि असे पॅड स्वच्छ होत नाहीत, बदलावेच लागतात. खोबरेल, इंजिन ऑइल, डिझेल हेही त्याच यादीत.

टिकतं ते प्लास्टिक ट्रिम कोटिंग, जे सुकून थर धरतं. ३० मिलीची बाटली एका बाइकला दोन वेळा पुरते. कृती:

धुतल्यावर खरखरीत प्लास्टिक मऊ दातांच्या ब्रशनं आणि एक भाग ऑल-पर्पज क्लीनर, दहा भाग पाणी अशा मिश्रणानं घासा. खळग्यांतली माती निघेपर्यंत दोनदा. पूर्ण सुकवा. पावसाळ्याच्या तोंडावर हे ‘पूर्ण’ फार महत्त्वाचं, खरखरीत भागाच्या खळग्यांत पाणी राहतं, म्हणून तासभर उन्हात ठेवून मग सावलीत आणून थंड करा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, पाणी एक भाग, पांढऱ्या सुती कापडावर घेऊन पुसा. कापड काळं-राखाडी होणं थांबलं की थांबा. अल्कोहोल प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानांत सहज मिळतं. मग कोटिंगचे आठ-दहा थेंब स्पंजवर घेऊन आधी आडवं, मग उभं पसरवा. दोन-तीन मिनिटांनी जादा असेल ते कोरड्या कापडानं टिपा. बारा तास पाणी नको, चोवीस मिळाले तर उत्तम. म्हणून हे काम मेमध्येच. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाची सर आली तर सगळं डागाळतं.

काम बिघडतं ते तीन कारणांनी. खाली जुनं सिलिकॉन उरलं तर कोटिंग पट्ट्यापट्ट्यांनी निघतं. जाड लावलं तर चिकट राहतं आणि त्यावर धूळ कायमची बसते. आणि रंगाचं वॅक्स खरखरीत प्लास्टिकवर गेलं तर खळग्यांत पांढरं सुकतं. त्यासाठी रंग आणि प्लास्टिक जिथे भेटतात तिथे कागदी मास्किंग टेप लावा. पांढरं बसलंच असेल तर तोच अल्कोहोलचा ब्रश फिरवा, निघेल.

हीटगनचे व्हिडिओ पाहून मोह होतो. वरचा खराब थर वितळून गडद दिसतं खरं, पण प्लास्टिकमधलं अतिनील रोखणारं द्रव्य त्यानं परत येत नाही, काही महिन्यांत पुन्हा राखाडी. एबीएसवर तर क्षणात पापुद्रा किंवा वाक येतो. साधा काळा स्प्रे पेंटही पीपीवर टिकत नाही, कारण पीपीला कोणताही रंग नीट चिकटत नाही. आधी पीपीसाठीचा खास प्रायमर लागतो, नाहीतर महिन्यात कपचे निघतात.

सीट, ग्रिप, पायाचे रबर आणि टायर यांना यातलं काहीही लावायचं नाही. हे घसरायला लावणारे पदार्थ आहेत. डिस्कजवळ काम करताना बाटली डिस्कच्या दिशेनं फवारू नका, आधी कापडावर घ्या. डिस्कवर थेंब गेल्याची शंका आली तरी ब्रेक क्लीनरनं किंवा अल्कोहोलनं डिस्क पुसा, आणि पहिले दोन-चार ब्रेक सोसायटीच्या आवारातच हळू मारून पाहा.

पारदर्शक भागांना (हेडलाइट, मीटरची काच, वाऱ्याची काच) पेट्रोल, थिनर, अमोनियाचा काच-क्लीनर नको. ॲक्रिलिकच्या काचेवर अल्कोहोलही नको, आतून बारीक भेगांचं जाळं उठतं. नुसता शाम्पू आणि पाणी.

वरळी_सीफेस:
समुद्राजवळच्यांसाठी एवढंच जोडतो. खाऱ्या हवेत रंगापेक्षा आधी मरतात ते पॅनेल धरणारे बोल्ट. बोल्ट गंजतो, पाऊस पडला की तांबडा ओघळ पॅनेलवर येतो, आणि लोक रंग खराब झाला समजून पॉलिश करत बसतात. पॅनेलचे दिसणारे स्क्रू बदलून स्टेनलेस घ्या. शक्यतो ३१६ प्रतीचे, कारण ३०४ वरही समुद्रकाठी चहासारखे डाग येतात. एबीएस पॅनेलचे स्क्रू हातानंच आवळा, जास्त पिळलं तर कान तुटतो. नेहमीचा मार्ग मरीन ड्राइव्ह, वरळी किंवा वर्सोव्याचा असेल तर भरतीच्या फवाऱ्यात गाडी भिजल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्याचा एक पंप मारावा. साबण नको, पुसणं नको.

चारकोप_१६०:
फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. प्लास्टिकवर पाण्याचा हात फिरवून पाहिला, ओलं असताना गडद होतंय. म्हणजे कोटिंग लावतो.

दोन गोष्टी राहिल्या. पर्जन्यवृक्षाखाली मार्च-एप्रिलमध्ये टाकीवर चिकट ठिपक्यांचा सडा पडतो, सुकला की काळा होतो. आणि आमच्याकडे अंघोळीचं-धुण्याचं पाणी बोअरवेल आणि टँकरचं आहे, बीएमसीचं फक्त पिण्याचं. धुतल्यावर टाकीवर पांढरे ठिपके राहतात.

रंगकाम_परळ:
तो चिकट पदार्थ झाडाचा डिंक नसतो. मुंबईत पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण पडतो, त्याचा तो गोड स्राव. आंब्याच्या झाडाखाली तुडतुड्यांमुळे असंच होतं. ही साखर आहे, तीवर काळी बुरशी चढते, म्हणून काळं दिसतं. साखर असल्यामुळे कोमट पाण्यात विरघळते: ओलं कापड पाच मिनिटं ठिपक्यांवर अंथरून ठेवा आणि मग उचला. खरवडायला नखसुद्धा नको. खरा डिंक असेल, कडक आणि पिवळसर, तर तो पाण्यानं सुटत नाही. तिथे अल्कोहोल कापडावर घेऊन हलकंच टिपायचं आणि त्या जागी सीलंटचा एक फवारा पुन्हा मारायचा.

कावळा-कबुतरांच्या विष्ठेला मात्र थांबू नका. तिच्यात यूरिक ॲसिड असतं, आणि उन्हात तापलेला क्लिअर कोट नरम असतो, संध्याकाळी थंड होऊन आकसताना सुकलेल्या विष्ठेच्या कडांभोवती तो ओढला जातो. एका कडक दुपारीही खूण राहू शकते. सीटखाली ओला टिश्यू आणि पाण्याची छोटी बाटली ठेवा. टिश्यू भिजवून पाच मिनिटं वर ठेवायचा आणि उचलून टाकायचा, चोळायचं नाही. वर्षभरात टाकीसाठी याहून मोलाचं आणि कमी कष्टाचं काम दुसरं नाही.

पांढरे ठिपके बोअरच्या जड पाण्यातल्या चुन्याचे आहेत. बीएमसीचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं आहे, ते मऊ असतं. तेव्हा सगळं धुणं बोअरच्या पाण्यानं करा, पण शेवटचा हात बीएमसीच्या पाण्याचा. दोन लिटरचा एक पंप संपूर्ण बाइकला पुरतो. आणि सुकायला सोडू नका, लगेच पुसा. सीलंट लावल्यावर पाणी गोळ्यागोळ्यांनी उभं राहतं. ते उन्हात तसंच सुकलं तर ठिपके उलट जास्त ठसठशीत होतात. सिरॅमिक लावलं म्हणजे डाग पडत नाहीत हा समज खोटा आहे.

आत्ता असलेल्या ठिपक्यांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात, कापडावर घेऊन मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा. इंजिनच्या उघड्या ॲल्युमिनियमवर ओघळू देऊ नका. हे सीलंटच्या आधी करायचं. त्यानं गेले नाहीत तर क्लिअर कोट कोरला गेला आहे, मग क्लीनर-वॅक्सनं जितकं झाकेल तितकं.

टाकीच्या झाकणाबद्दलही सांगतो. झाकणाभोवतीच्या खाचेत पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. वॅक्स, धूळ आणि ती काळी बुरशी मिळून ते बुजतं, पावसाचं पाणी खाचेत साठतं आणि झाकणाच्या रबरातून टाकीत झिरपतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, ते पाणी ओढून घेतं आणि पाण्याचं प्रमाण वाढलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. मेमध्ये धुताना झाकण उघडून तिथे पातळ नायलॉनचा दोरा हलक्या हातानं घालून पाहा. पाणी ओतल्यावर ते खाली नळीतून टपकलं पाहिजे. खाचेत वॅक्स लावूच नका. पेट्रोल भरताना थेंब सांडला तर तिथेच टिपा. ओघळ सुकला की पिवळट पट्टा राहतो.

कव्हर_ठाणे:
कव्हरचा प्रश्न कोणी घेतला नाही. माझं मत: घालू नका. मुंबईत धूळ कव्हरच्या आत जातेच, वाऱ्यानं कापड फडफडतं आणि तीच धूळ टाकीवर दिवसभर घासली जाते. पावसात तर आत वाफ कोंडते, बोल्ट गंजतात, सीटला बुरशी येते. स्वस्त चंदेरी कव्हरचा थर उन्हानं सुटून चुरा होतो आणि रंगाला चिकटतो.

पॉलिमर_भांडुप:
पावसाळ्यापुरतं पूर्ण मान्य. उरलेल्या आठ महिन्यांसाठी नाही. सीलंट किंवा वॅक्स अतिनील किरण नावापुरते अडवतं. क्लिअर कोटमध्ये ते अडवणारं द्रव्य कारखान्यातच घातलेलं असतं, आणि ते संपत जातं. प्लास्टिकसाठी सावली हाच खरा उपाय आहे, आणि यांच्याकडे सकाळचं थेट ऊन आहे.

मधला मार्ग म्हणजे अर्धं कव्हर: टाकी, सीट आणि मीटर झाकणारं, खालून मोकळं. वारा खेळतो, सायलेन्सरला लागत नाही. आतून मऊ अस्तर असलेलं घ्या आणि पोटाखालून पट्टा बांधा, म्हणजे फडफडत नाही. टाकी धुळीनं माखलेली असेल त्या दिवशी घालू नका. महिन्यातून एकदा कव्हर झटकून धुवा. बोटावर चंदेरी चुरा आला की ते टाकून द्या. १ जूनला घडी करून माळ्यावर, ऑक्टोबरात परत.

कव्हर_ठाणे:
पट्टा बांधलेलं अर्धं कव्हर आणि पावसात नाही, असं असेल तर माझा आक्षेप नाही. पूर्ण कव्हर घालणाऱ्यांनी निदान गाडी उभी केल्यावर अर्धा तास थांबावं, तापलेल्या सायलेन्सरला पॉलिएस्टर चिकटलं की क्रोमवरून निघत नाही.

फिल्म_घाटकोपर:
ओरखड्यांच्या ठरावीक जागा असतात, तिथे रसायन उपयोगी नाही, फिल्म लावा. पूर्ण बाइकला लावायची गरज नाही. जागा चार: टाकीची मागची कड (पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन), टाकीच्या दोन्ही बाजू जिथे गुडघे लागतात, किल्लीच्या जुडग्याखालचा भाग, आणि मागे बसणाऱ्याचा बूट लागतो तो पॅनेल. टीपीयूची रंगरक्षक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची, अर्धा मीटर घेतली की उरते. रस्त्यावर ‘लॅमिनेशन’ म्हणून पीव्हीसी लावतात, ती वर्षभरात पिवळी पडते, आकसते आणि काढताना गोंद रंगावर ठेवून जाते.

बटर पेपरवर आकार उतरवा, फिल्म मागच्या कागदासकट कापा (टाकीवर ठेवून ब्लेड कधीच नाही), कोपरे गोल करा. टोकदार कोपरा आधी उचलतो. जागा अल्कोहोलनं पुसून सीलंटमुक्त करा. अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे तीन-चार थेंब घालून टाकी आणि फिल्मची गोंदाची बाजू दोन्ही भिजवा, फिल्म सरकवत जागेवर आणा, मधून बाहेर रबरी पट्टीनं पाणी काढा. वळणावर उभी राहिली तर हेअर ड्रायरनं कोमट करून ताणा. शेवटी कडांवर अल्कोहोल-पाण्याचा फवारा मारून दाबा, कड पकडते. पाण्याचे छोटे बुडबुडे आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातात, हवेचे जात नाहीत. दोन दिवस धुणं नको. क्रम लक्षात ठेवा: आधी फिल्म, मग सगळ्यावर सीलंट. उलट केलं तर फिल्म धरणार नाही.

किल्लीला मोठं जुडगं लावू नका, एकच किल्ली आणि कापडी पट्टी. फिल्मपेक्षा हे स्वस्त.

मॅट_डोंबिवली:
याच धाग्यात विचारतो. माझी टाकी मॅट काळी आहे. वरचं सगळं चालेल का? आणि दसऱ्याला पूजेत कुंकवाचं स्वस्तिक काढतात, त्याचा गुलाबी डाग मागच्या वर्षीपासून गेलेला नाही.

रंगकाम_परळ:
मॅटला क्लीनर-वॅक्स, पॉलिश, कार्नोबा यातलं काहीही नाही. मॅट दिसतं ते वरच्या थराच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे. घासलं की तो सपाट होतो आणि तिथे कायमचा चमकदार चट्टा पडतो, परत मॅट करता येत नाही. ज्याच्या बाटलीवर मॅटसाठी असं स्पष्ट लिहिलं आहे तेच सीलंट घ्या. धुणं वरच्यासारखंच, फक्त हातमोज्याला दाब नाही, आणि पुसण्याऐवजी कापड टाकीवर अंथरून उचलायचं. गुडघ्यांच्या जागी मॅट फिल्म लावा, पँटच्या घर्षणानं तिथेच आधी चकाकी येते.

कुंकवासाठी: अल्कोहोल एक भाग, पाणी तीन भाग, कापडावर घेऊन डागावर दोन मिनिटं ठेवा आणि उचला. चार-पाच वेळा करा, दर वेळी कापडाची नवी बाजू. आधी टाकीखाली न दिसणाऱ्या जागी करून बघा. हळद लागली असेल तर तिची काळजी करू नका, उन्हात ती स्वतःच फिकी होते. कुंकवातला कृत्रिम रंग होत नाही. जुना डाग पूर्ण जाईल असं सांगता येत नाही, फिका नक्की होईल.

या दसऱ्याला स्वस्तिक हेडलाइटच्या काचेवर किंवा नंबरप्लेटवर काढा, तिथून ते साबणानं निघतं. टाकीवरच हवं असेल तर आदल्या दिवशी सीलंट लावून घ्या आणि कुंकू ओलं न करता कोरडंच लावा. दुसऱ्या दिवशी आधी फुंकर किंवा पाणी, मग कापड. झेंडूचा हार बांधताना तारेचा नको, दोऱ्याचा घ्या. तारेचं टोक चालत्या गाडीवर टाकीला घासत राहतं.

चारकोप_१६०:
शेवटचं: टाकीवरच्या स्टिकरची कड एका ठिकाणी उचलली आहे. त्यावर सीलंट मारलं तर चालेल?

फिल्म_घाटकोपर:
आधी कड बसवा. खाली साठलेली धूळ अल्कोहोलच्या कापसानं काढा, सुकू द्या, हेअर ड्रायर वीसेक सेंटिमीटरवरून पंधरा सेकंद, मग अंगठ्यानं मिनिटभर दाबून धरा. गोंद मेला असेल तर बसणार नाही. तेव्हा फेव्हिक्विक लावू नका, ते रंगावर पांढरं पसरतं. उचललेला तुकडा सरळ रेषेत कापून टाका किंवा वरून फिल्मची पातळ पट्टी लावा. कड बसल्यावर एक दिवस जाऊ द्या, मगच सीलंट. आणि सर्व्हिसिंगला गेलात की प्रेशर पंपाचा नोझल स्टिकरपासून दोन-अडीच फूट लांब आणि कडेला समोरून नव्हे तर स्टिकरच्या आतून बाहेर अशा दिशेनं धरायला सांगा, म्हणजे पाणी कडेखाली शिरत नाही.